लाल टिकलीची कळ

१

मंगळवारी दुपारी दोन वाजता कळलं, की नाटकातला बाप मेलाच नाही.

खरं तर तो मरायलाच हवा होता. मनसाराम शेंड्यांनी त्याला तिसऱ्या अंकात, दारात उभ्या असलेल्या लेकीचं तोंड न पाहता मारून टाकलं होतं. शेवटची तीन पानं नुसती त्याच्या मरणाची. ती पानं सावली गावच्या बसस्थानकासमोरच्या स्वप्निलच्या दुकानातल्या संगणकात टाइप करून ठेवली होती, आणि मनसारामभाऊंच्या हातची मूळ पानं शेजारच्या टेबलावर पेपरवेटखाली होती. दोनला पाहतात तो संगणकातली पानं नाहीत आणि पेपरवेटखाली नुसतं टेबल.

शुक्रवारी मंडई, म्हणजे गावची जत्रा आणि रात्री नाटक. गुरुवारी नट-नट्या येणार, आणि प्रॉम्प्टर पोचूच्या हातात संहिता पाहिजे. झाडीपट्टीत नट पाठांतर करत नाही, प्रॉम्प्टर जे वाचेल ते बोलतो. पोचूच्या कागदावर बाप मेला नाही तर स्टेजवरही मरायचा नाही.

हे सगळं कुंताबाईंना अर्ध्या तासात कळलं, कारण स्वप्निलकडे टाइप करणारी भाग्यश्री रडत त्यांच्याच ओसरीवर येऊन बसली. कुंताबाईंनी छत्तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. अर्धा तालुका त्यांच्या हाताखालून गेला आणि संगणक आल्यावर उरलेला अर्धा आलाच नाही. आता आठ टाइपरायटर जुन्या लुगड्यांनी झाकून ठेवलेले, आणि बाई दर मंगळवारी एकेकाला तेल घालत. भाग्यश्री त्यांची शेवटची विद्यार्थिनी.

"मनसारामभाऊनं चारचौघात चोर म्हटलं मले," भाग्यश्री म्हणाली. "म्हणे, तूच पानं चंदाले पाठवली. तिच्या कंपनीले इकली."

चंदा ही मनसारामभाऊंची मुलगी, भाग्यश्रीची बालमैत्रीण. सहा वर्षांपूर्वी ती वडश्याच्या एका नाटक कंपनीत काम करायला निघून गेली. मनसारामभाऊ तोवर नऊ नाटकं लिहून बसले होते, बाहेरगावच्या मुलींना हिरॉईन करून टाळ्या घेत होते. पण आपली लेक तोंडाला रंग लावून उभी राहिली तेव्हा त्यांनी दाराला आतून कडी घातली, आणि त्या दिवसापासून तिचं नाव त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नाही. लोकांच्या लेकी चालतात, आपली नको. असे आपण सगळेच असतो, फक्त मनसारामभाऊ ते नाटकांत लिहूनही असेच राहिले.

"स्वप्निल काय म्हणतो?" बाईंनी विचारलं.

"तो म्हणते, उद्या बारा वाजेपर्यंत पानं सापडली नाई त दुकानात येऊ नको. माहं काम गेलं त गेलं, बाई. पण चोर म्हटल्यावर या गावात मले कोण उभं करन?"

बाईंनी तेलाची कुपी बंद केली. पूर्वी तहसीलमध्ये निनावी अर्ज यायचे, तेव्हा कोणत्या अक्षराचा ठसा जास्त उठला हे पाहून तो कोणी टाइप केला ते बाई सांगत. अशा दोन माणसांनी त्यांच्यापायी बदली मागून घेतली होती. तो नाद सुटून दहा वर्षं झाली होती. पण ही पोर परीक्षेत पहिली आली होती, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं हे ओळखायला ठशाची गरज नव्हती.

"तोंड धू," त्या म्हणाल्या, "आणि चल."

२

स्वप्निल नागपुरात दोन वर्षं शिकून आला होता, आणि ते तो कोणाला विसरू देत नसे. टेबलावर एकच संगणक होता. पण तो म्हणाला, "बाई, हे दोन मशिना आहेत."

बाईंनी टेबलाखाली वाकून पाहिलं.

"तशा नाई जी. जुना कॉम्प्युटर विजेनं जळला. मनसारामभाऊची सगळी नाटकं त्यातल्या जुन्या मराठी प्रोग्राममधी होती, अन् तो प्रोग्राम नव्या मशिनीवर चालत नाई. म्हणून मी नव्या मशिनीच्या पोटात जुनी मशीन बसवली. खरी नाई, खोटी. पण तिले वाटते का ती खरीच आहे."

पडद्यावर एका चौकटीत दुसरा, जुनाट रंगाचा पडदा होता. पोटुशी बाई असावी तसं ते यंत्र.

"मग कीबोर्ड एकच कसा?" बाईंनी विचारलं.

"कीबोर्ड एक, माऊसही एक. दोघी वाटून घेतात. आतल्या चौकटीत क्लिक केलं का दोन्ही आत जातात. मंग बाण बाहेर येतच नाई, किती बी हलवा. बाहेर आणाले ही कळ." त्याने कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातली सगळ्यात खालची कळ दाखवली. "ही एकदा दाबली का सुटका. आतल्या मशिनीत मराठी, बाहेरच्या मशिनीत निव्वळ इंग्रजी."

भाग्यश्री पुढे आली. "मी इसरू नये म्हणून त्या कळीवर लाल टिकली लावली होती, बाई." ती बोलता बोलता थांबली. "टिकली कुठी गेली?"

खालच्या कळीवर टिकली नव्हती. ती तिच्या लगेच वरच्या कळीवर होती, शिफ्टच्या. थोडी तिरपी, पण घट्ट चिकटलेली.

"तू हलवली?"

"मी काऊन हलवीन?"

बाईंनी चष्मा पुसला आणि त्या टिकलीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग विचारलं, "दुपारी इथे कोण होतं?"

भाग्यश्री एक ते पावणेदोन घरी जेवायला गेली होती. फाइल उघडीच होती. लाइट जाते म्हणून आतली मशीन दर पाच मिनिटांनी आपोआप सगळं जतन करत असे, त्यामुळे पुसलेलंही तसंच जतन झालं. स्वप्निल त्या वेळात झेरॉक्सचे कागद आणायला मूल गावाला गेला होता. दार नुसतं लोटलेलं. समोरच्या पानठेल्यावाल्याने दोघांना आत जाताना पाहिलं होतं. नाटकाचा हिरो मिथुन, आणि मनसारामभाऊंची बायको रुखमाबाई, मासोळीचा डबा घेऊन. ती रोजच येई, भाग्यश्रीला कालवण देई आणि घटकाभर तिचं टायपिंग पाहत बसे.

"अन् हे पहा," स्वप्निलने एक छापील कागद पुढे केला. "बाहेरच्या मशिनीत मी सामानाची यादी लिहाले कोरा कागद उघडून ठेवला होता. त्याच्यावर हे आलं. व्हायरस आहे. नाईतर मांजर चाललं कीबोर्डावरून."

कागदभर इंग्रजी अक्षरांची खिचडी होती. एकही शब्द धड नाही. बाईंनी तो कागद नाकाशी धरला आणि ओठ हलवत काहीतरी मोजलं.

"स्वप्निल, यात के हे अक्षर शंभरावर वेळा आहे. अन् ए एकदाही नाही."

"मंग?"

"मांजर एवढं निवडून पाय टाकत नाही." त्यांनी कागदाची घडी करून पिशवीत टाकली.

३

मिथुन मंडईच्या पटांगणात स्टेजचे बांबू उभे करून घेत होता. तीस वर्षांचा, उजव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, दोन्ही करंगळ्यांत अंगठ्या. एक मोत्याची, एक पोवळ्याची. तोही कधीकाळी क्लार्कच्या परीक्षेसाठी बाईंकडे शिकला होता आणि मग त्याला अभिनय सुचला.

"गेलो होतो दुकानात," तो सरळ म्हणाला. "तिसऱ्या अंकात माहे डायलॉग वाढवाचे होते. बाप तीन पानं मरते आणि मी जावई, कोपऱ्यात उभा. हिरो कोण आहे नाटकाचा?"

"वाढवले?"

"तुमच्यापाशी खोटं नाई बोलत, बाई. वाढवणार होतो. पण आत रुखमाकाकू बसली होती. मले म्हणे, भाग्यश्री जेवाले गेली, मंग ये. म्हणून परत आलो."

"ती कुठे बसली होती?"

"खुर्चीवर."

"कोणत्या?"

मिथुनने आठवायचा प्रयत्न केला. "एकच त खुर्ची आहे तिथी."

बाईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं. "अंगठ्याला काय झालं?"

"बांबूची फास घुसली." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, खरं सांगू का? ते पानं गेली त बरंच झालं. नाटकाचं नावच 'बंद दार'. बाप मरताना म्हणते, माही लेक मेली असं समजा. आता दहा गावातले लोक बसन समोर, अन् हे वाक्य कोणाले आहे ते सगळ्याईले ठाऊक. घरात बोललेलं मागं घेता येते. स्टेजवर बोललेलं कसं मागं घ्याचं?"

बाईंनी पिशवी खांद्याला लावली. पोरगा नाटकापुरतं नव्हे, खरं बोलला होता.

४

मनसारामभाऊंचं घर तलावाच्या पाळीखाली. अंगणात जाळं वाळत घातलेलं, आणि त्याच्या सावलीत भाऊ जाळ्याची फाटलेली घरं विणत बसले होते. पहाटे तलाव, दुपारी लेखन, असा त्यांचा तीस वर्षांचा नेम. अलीकडे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जाळं ते बोटांनी चाचपून विणत, आणि नाटक जाड पेनाने बोटबोट अक्षरांत लिहीत. टाइप झालेलं मात्र त्यांना वाचता येत नसे.

"पोरीची बाजू घेऊन आल्या असान," ते वर न पाहता म्हणाले.

"मी अजून कोणाचीच बाजू घेतली नाही. पानं पुन्हा लिहिता येणार नाहीत का?"

"एका रात्रीत लिवलं होतं मी ते. पुन्यांदा नाई येत." त्यांची बोटं जाळ्यात थांबली. "येतच नाई, बाई. दुपारपासून बसलो. बाप दारापाशी जाते, अन् मंग पेन चालत नाई."

रुखमाबाई चहा घेऊन आली. पन्नाशीची, काळीसावळी, हलक्या पायांची. हीसुद्धा बाईंचीच विद्यार्थिनी, अठ्ठ्याहत्तर सालची. परीक्षा चार दिवसांवर असताना तिचं लग्न ठरलं, आणि फी भरलेली तशीच राहिली. तिने बशी पुढे केली. डाव्या हाताची करंगळी ताठ, बशीपासून दूर उभी होती.

"हे बोट अजून तसंच?" बाईंनी विचारलं.

"शिंगी मासोळीनं काटा मारला तवापासून वाकतच नाई," रुखमाबाई म्हणाली. "वीस वर्स झाली. भाग्यश्री हसते मले. म्हणते, काकू राणीवानी कप धरते." मग ती बाजूला बसली, पदर बोटाला गुंडाळू लागली. "भाग्यश्रीले काही होनार त नाई ना, बाई?"

"उद्या बारापर्यंत वेळ आहे."

"पोर चांगली आहे."

"चांगली पोर चोरी करत नाई काय?" मनसारामभाऊ म्हणाले. "ती अन् ते, दोघी एका ताटात जेवल्या. कागद कुठी जाईन दुसरीकडं?"

'ते' म्हणजे चंदा. कुंताबाईंनी चहा संपवला. त्या उठल्या तेव्हा रुखमाबाई फाटकापर्यंत आली, आणि पुन्हा म्हणाली, "त्या पोरीले काही होऊ देऊ नोका, बाई." तिचे डोळे जमिनीवर होते.

घरी जाताना बाई तेच वाक्य मनात घोळवत होत्या. एकच गोष्ट दोनदा कोणी विचारतं ते काळजीने, किंवा मग आणखी कशाने. आणि हे आणखी काय असेल ते त्यांना कळायला लागलं होतं. कळू नये असं वाटत होतं.

५

बुधवारी सकाळी आंघोळ उरकून बाईंनी पाच नंबरच्या मशिनीवरचं लुगडं काढलं. ही मराठी मशीन. शेजारी स्वप्निलचा खिचडीचा कागद ठेवला.

इंग्रजी आणि मराठी टाइपरायटरच्या कळा जागेला सारख्याच, नुसती त्यांवरची अक्षरं वेगळी. इंग्रजीत जिथे के आहे तिथे मराठीत काना आहे. आणि मराठीत कान्याइतकं दुसरं काही येत नाही, म्हणून शंभर वेळा के. मांजर नव्हतं ते. कोणीतरी मराठी टाइप केलं होतं, आणि ते मराठी न कळणाऱ्या मशिनीवर पडलं होतं.

बाईंनी डोळे कागदावर ठेवले आणि बोटांना इंग्रजी टाइप करू दिलं. बोटं इंग्रजी कळांच्या जागी जात होती, आणि समोर मराठी उमटत होतं. पहिला शब्द उमटला, 'श्री'.

बाईंचे हात थांबले. पाठ्यपुस्तकात हे नव्हतं. हा त्यांच्याच क्लासचा नियम होता. यंत्रावर बसलं की आधी उजव्या कोपऱ्यातली शिफ्ट एकदा दाबून पाहायची, गाडा खट करून उचलला की यंत्र ठीक. मग श्री. आणि एकदा श्री म्हटलं की डोळे कागदावर, यंत्राकडे मान वर करायची नाही. मान वर केली की बाई पट्टी मारत.

टाइपरायटरवर सगळ्यात खालच्या कोपऱ्यातली कळ म्हणजे शिफ्ट. संगणकावर तिथे भाग्यश्रीची लाल टिकली.

सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. कोणीतरी खुर्चीत बसलं, खोडायची कळ दाबून धरून बापाचं मरण पुसून टाकलं. मग नियमाप्रमाणे कोपऱ्यातली कळ दाबली. खट वाजलं नाही, पण कीबोर्ड आणि बाण आतून सुटून बाहेर आले. मासोळीचं ओलं बोट, त्याला टिकली चिकटली. ही शिफ्ट नव्हे हे कळल्यावर बोट एक कळ वर गेलं, आणि टिकली तिथे उतरली. मग पांढरा कागद दिसला त्यावर बाण नेऊन क्लिक केलं. पण तो कागद बाहेरचा होता, स्वप्निलच्या यादीचा. आणि मग मान खाली घालून वीस मिनिटं टायपिंग, एकदाही वर न पाहता, बाईंनी शिकवलं होतं तसं.

स्वप्निल दोन बोटांनी टाइप करतो. भाग्यश्रीला ती कळ झोपेतही चुकायची नाही. मिथुन क्लासचा खरा, पण बाईंनी पुढचं पान टाइप केलं तेव्हा तोही सुटला. सगळ्या मजकुरात अनुस्वार एकही नव्हता. अनुस्वार म्हणजे इंग्रजीतला ए, डाव्या करंगळीची कळ. मिथुनची करंगळी चांगली अंगठी मिरवत होती.

बाईंनी शेवटची ओळ टाइप केली, कागद काढला आणि पहिल्यापासून वाचला. मग पदराने डोळे टिपले. छत्तीस वर्षांत विद्यार्थ्याचा पेपर वाचून रडायची त्यांची ही पहिलीच वेळ.

६

साडेअकराला दुकानात सगळे जमले. मनसारामभाऊ दुकानातल्या एकुलत्या एक खुर्चीवर, रुखमाबाई दाराशी उभी. भाग्यश्री भिंतीला टेकून, वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारखी. मिथुनही आला होता.

"पानं चोरीला गेली नाहीत," बाई म्हणाल्या. "कोणी कंपनीला विकली नाहीत. बापाचं मरण पुसलं गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं लिहिलं गेलं. फक्त ते आतल्या मशिनीत पडायचं ते बाहेर पडलं. यात भाग्यश्रीचा काही संबंध नाही. कोणाचा आहे ते नंतर. आधी ऐका."

त्यांनी घरी टाइप केलेला कागद उघडला आणि नाटकातलं वाचावं तसं नव्हे, पत्र वाचावं तसं वाचलं.

"बाप दार उघडते. लेक उभी आहे. बाप म्हणते, मी लोकाईच्या लेकी स्टेजवर उभ्या केल्या. त्याईच्या टाळ्या माह्या समजल्या. आपली उभी राह्यली त मले लाज वाटली. लाज माही होती बेटा, तुही नव्हती. पाहुणे येतात, जातात. पण मी ताटावर बसतो अन् तुहा पाट रिकामा दिसते. आत ये. पाय धू. रोहू केला आहे. काटे काढून ठेवले."

बाईंनी कागद खाली ठेवला. बाहेर बस सुटली.

मनसारामभाऊ दाराकडे तोंड करून बसले होते. त्यांना रुखमाबाईचा नुसता आकार दिसत असणार.

"काटे," ते म्हणाले. "हे बाहेरच्याले कसं ठाऊक?"

कुंताबाई काही बोलणार, तोच रुखमाबाई पुढे आली. कमरेची पिशवी उघडून तिने तीन पानं काढली, नीट घडी केलेली, तांदळाचं पीठ लागलेली. ती तिने नवऱ्याच्या हातात दिली.

"मी केलं. तांदळाच्या डब्यात ठेवली होती. फाडाले हात नाई उठला, तुमचं लिवनं आहे. चार वेळा सांगितलं तुमाले, असं नोका लिहू. शुक्रवारी पोचू वाचन, नट बोलन, दहा गावं ऐकन. मंग माही पोर कोणत्या तोंडानं दारात येईन? मले वाटलं, तुमाले डोळ्यानं वाचता येत नाई, तिथी नाटकाले बसल्यावरच ऐकान." तिने भाग्यश्रीकडे पाहिलं. "पोरी, कालच सांगाले पायजे होतं. दोनदा तुह्या फाटकापर्यंत आली. भीती वाटली. माफ कर मले."

भाग्यश्रीने तिचा हात धरला.

"तू टाइप केलं?" मनसारामभाऊंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडं आश्चर्य होतं. "तुले येते?"

"चार महिने शिकली होती. परीक्षा राह्यली."

मनसारामभाऊंनी हातातली पानं मांडीवर ठेवली. बराच वेळ त्यांची बोटं त्या पानांवर फिरत होती, जाळ्यातलं फाटकं घर शोधावं तशी.

"त्याच्यात एक चूक आहे," ते म्हणाले.

रुखमाबाईचा चेहरा उतरला. स्वप्निलने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"काटे काढून द्याचो ते बरोबर. पण डोकं राह्यलं. रोहूचं डोकं ती पहिले मागे. तू चुलीकडे तोंड केलं का मी तिच्या ताटात टाको. तुले ते कधीच ठाऊक नव्हतं." त्यांनी मांडीवरची पानं सारखी केली. "ते लिवाले पायजे. नाईतर ती म्हणन, बाबा इसरला."

सहा वर्षांत ते पहिल्यांदाच तिच्याबद्दल, ती कुठेतरी बसून ऐकेल, असं बोलले होते.

मग ते उठले, चाचपडत भिंतीपाशी गेले आणि भाग्यश्रीच्या डोक्यावर हात ठेवला. "चारचौघात म्हटलं होतं, चारचौघात मांगं घेतो. चोर नाई तू. मीच आंधळा होतो, अन् हे मोतीबिंदूच्या पह्यलेपासून."

"भाऊ, पानं तीन पायजे हं," मिथुन हळूच म्हणाला. "अन् जावयाले एखादा..."

"तू गप ऱ्हा," बाई म्हणाल्या.

स्वप्निलने लगबगीने खुर्ची ओढली. "भाग्यश्री, बस. बारा वाजले, टाइप कर."

"ज्यानं चालू केलं त्यानंच पुरं करावं," मनसारामभाऊ म्हणाले.

रुखमाबाई नको नको म्हणत खुर्चीत बसली. भाग्यश्रीने टिकली नखाने उचलून तिच्या खऱ्या जागी, कोपऱ्यातल्या कळीवर लावली, आतल्या चौकटीत क्लिक केलं, आणि बाण आत गेला. रुखमाबाईने सवयीने उजवी करंगळी कोपऱ्याकडे नेली. कुंताबाईंनी तिचं मनगट हलकेच धरलं.

"नाही, रुखमे. माझा तो नियम आता मोडला. मान वर कर. पाहत पाहत लिही."

रुखमाबाईने पडद्याकडे पाहिलं. 'श्री' उमटलं, मराठीत. तिला हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

"हे बोट कोणत्या कळीचं?" मनसारामभाऊ तिच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले होते. त्यांनी तिची ताठ करंगळी हातात धरली होती.

"अनुस्वाराचं," बाई म्हणाल्या.

"कुठी आहे ते कळ? माहं बोट ठेवा तिच्यावर. अनुस्वार आला का सांग, मी दाबतो."

बाईंनी त्यांचं जाड, जाळ्याने कापलेलं बोट डाव्या बाजूच्या कळीवर नेऊन ठेवलं. भाऊंनी ते तिथून हलवलं नाही.

"नाटकातल्या पोरीचं नाव काय ठेवलं मी?"

"सुमन," भाग्यश्री म्हणाली.

"ते काढ. खरं नाव लिव."

रुखमाबाईने च दाबला. मग तिचे हात कीबोर्डवर थांबले. खोलीत सगळेच थांबले, मिथुनसुद्धा. तिने नवऱ्याकडे मान वळवली, पण बोलली नाही.

मनसारामभाऊंनी वाट पाहिली. मग त्यांना समजलं. त्यांचे ओठ हलले, सहा वर्षांत न घेतलेलं नाव त्यांनी आधी तोंडात घेऊन पाहिलं, आणि बोट खाली दाबलं.